गरम झाला की बंद पडतो

४ एप्रिल

दादा,

तुझ्या पायांना नमस्कार, आणि कान अजून तसेच असतील तर त्यांना लांबूनच. फोनवर मी ओरडायचं आणि तू "कोण? कोण?" करायचं, त्यात दोघांचीही शोभा होते. म्हणून पत्र.

म्हातारा रुसलाय. म्हातारा म्हणजे आमचा ट्रॅक्टर. सकाळी गार असताना पेट्रोलवर झक्कास सुरू होतो, रॉकेलवर घेतला तरी कुरकुर करत नाही. नांगर लावून शेताच्या पलीकडच्या टोकाला जावं, तर तिथे खोकतो, मिस मारतो आणि गप्प. झाडाखाली बराच वेळ बसून राहिलं की परत सुरू. पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा मौन. टाकी धुतली, नळी फुंकली, कार्बोरेटर उघडून साफ केला. तेल व्यवस्थित येतंय. म्हणजे दुखणं ठिणगीचं आहे, असं माझं मत. तू जन्मभर गॅरेजात हीच इंजिनं उघडलीस. बोल.

घाई का आहे तेही ऐक. लेक आला होता. म्हणाला, "आई, या वयात एकटीनं शेत पुरे झालं. काका कसायला घेतील, तू माझ्याकडे चल." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? शब्दाला शब्द वाढला आणि पैज लागली. मे संपायच्या आत सगळं शेत मी माझ्या ट्रॅक्टरनं नांगरून दाखवलं, तर तो हा विषय पुन्हा काढणार नाही. नाहीतर तो टेम्पो घेऊन येणार आणि मी मुकाट्यानं सामान बांधणार. भाड्याचा ट्रॅक्टर धरायचा नाही, हेही त्यानंच घातलं. दिराचा तर मलाच नको. त्यानं नांगरलं की बांध दरवेळी माझ्याच बाजूला सरकतो.

लेकाच्या घरातली ती खोली मी पाहिलीय. खिडकी उघडली की समोरच्यांची मोरी दिसते. तिथे बसून मी करू काय?

उत्तर लगेच लिही.

तुझी धाकटी

९ एप्रिल

धाकटे,

पैज लावण्याआधी मोठ्या भावाला विचारायची पद्धत आपल्या घरात कधी नव्हती, आता कुठून येणार!

गार असताना चालतो, गरम झाला की बंद पडतो, गार झाला की परत चालतो. तुझं मत बरोबर आहे. बहुतेक ठिणगी तयार करणारी कॉइल, नाहीतर तिच्या जोडीचा छोटा कंडेन्सर. पण अंदाजानं काही बदलायचं नाही. आमच्याकडे नवी पोरं आधी नवे प्लग घालायची आणि मग विचार करायची. तू आधी विचार कर.

बंद पडेल तिथेच, गरम असतानाच, पेट्रोलचा कॉक बंद करून एक प्लग काढ. त्याची वायर त्याला लाव, प्लगचं लोखंड इंजिनाला टेकव आणि समोरचं सुरू करायचं हँडल फिरव. सावली करून बघ. ठिणगी निळी आणि कडक असेल तर ठीक. पिवळी, मरतुकडी असेल तर आजार तिथेच आहे. गार झाल्यावर हेच पुन्हा कर. मग प्लगच्या वायरी जिथून निघतात त्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडून आतले पॉइंट कसे दिसतात ते लिही. उघडझाप करणारे ते दोन छोटे ठिपके. त्यांच्या तोंडावर सगळं कळतं.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. मूठ आवळायची नाही. इंजिन उलटं आलं तर हँडल हातातून सुटून गेलं पाहिजे. हे तुला किती वेळा सांगितलंय याचा हिशोब नाही.

माझं बरं आहे. सूनबाई दोन्ही वेळा गरम वाढते. माझी हत्यारं मुलानं देऊन टाकली, पेटीची अडचण होत होती म्हणाला. होतच होती.

दादा

१५ एप्रिल

दादा,

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. टेबलाचा एक पाय आखूड झालाय.

तू सांगितलंस तसं केलं. गरम असताना ठिणगी पिवळी, बघून दया यावी अशी. गार झाल्यावर निळी. पॉइंट काळे ठिक्कर पडलेत. एकाला खड्डा पडलाय आणि दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा आलाय, जणू याचं काढून त्याला दिलंय.

मी हे सगळं करत असताना दीर बांधावर येऊन उभा. "वहिनी, भंगारवाल्याला निरोप देऊ का?" मी म्हटलं, "द्या की. तुम्हाला किती देतो तेही विचारून घ्या." तो जो गेला तो अजून बांधावर दिसला नाही.

आता म्हाताऱ्याला शेडमागच्या उतारावर उभा करते. गिअरमध्ये टाकायचा, खाली सोडायचा, वेग आला की क्लच सोडायचा. सुरू होतो. हँडलची कटकटच नको. खाली जाऊनही नाही घेतला तर दूधवाला टेम्पोला दोर बांधून वर ओढून देतो. फुकट देतो, पण हसतो.

धाकटी

२१ एप्रिल

धाकटे,

खड्डा आणि उंचवटा म्हणजे कंडेन्सर. पैज लावायची तर मी यावर लावली असती.

जुन्या बाजारात हिंडून एक मिळवला. सोबतच्या डबीत आहे. दुकानदार म्हणाला, "आजोबा, हे कशाला? आता कोण वापरतं?" मी म्हटलं, माझी बहीण. त्याला वाटलं मला ऐकू नीट आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा मोठ्यानं विचारलं. मीही पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

कंडेन्सरला एकच स्क्रू आणि एकच वायर आहे, तुला जमेल. पॉइंट बारीक दगडावर घासून सपाट कर. मग पूर्ण उघडल्यावर दोघांच्या मधे दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवून जेमतेम सरकतील एवढी फट ठेव. सैल नको, घट्ट नको. तेलाचा हात लावू नकोस.

टेबलाचा पाय दुरुस्त करून घे.

दादा

३० एप्रिल

दादा,

शाबास तुझी! कंडेन्सर बसला. इंजिन हाताला चटके बसतील एवढं तापवलं आणि प्लग काढून बघितला. निळी! कडक निळी, टच् करून आवाज करणारी. मी एकटीच शेडमधे हसत बसले.

पण आता माझा एक मूर्खपणा ऐक. प्लगच्या चारही वायरी जागोजाग तडकल्या होत्या. म्हटलं, एवढं केलंय तर याही नव्या घालू. जुन्या ओढून काढल्या, शेगडीत टाकल्या, आणि मग लक्षात आलं की कुठली कुठे होती हे बघितलंच नाही. हे असते तर म्हणाले असते, डोकं शेडमधे आणि हात शेगडीत. झाकणावर चार भोकं, इंजिनावर चार प्लग. क्रम लिहून पाठव. एक नंबर पंख्याकडचाच ना?

इथे कुणाला विचारणार नाही. ज्यांना कळतं त्यांना नव्या गाड्यांचं कळतं, आणि मी काय विचारलं ते संध्याकाळपर्यंत दिराच्या ओसरीवर पोचतं.

महिना हातात आहे. शेताचा एक कोपरा झालाय, बाकी सगळं बाकी. तरी सांगते, लेकानं दोर आणायची तसदी घेऊ नये.

धाकटी

७ मे

धाकटे,

एक नंबर पंख्याकडचा. त्याच्या प्लगच्या भोकावर बोट धरून इंजिन हळू फिरव. हवा बोट ढकलेल तेव्हा झाकणाखाली फिरणाऱ्या रोटरचं टोक जिथे असेल ते एक नंबरचं भोक. तिथून रोटर फिरतो त्या दिशेनं एक, दोन, चार, तीन असा क्रम लाव.

हा क्रम मी झोपेतही सांगेन.

तब्येतीला जप.

दादा

१३ मे

दादा,

माझं काहीतरी चुकतंय आणि काय ते सापडत नाही.

तुझ्या क्रमानं वायरी लावल्या. उतारावरून सोडला, सुरू झाला, पण दोनच सिलिंडरवर. सगळं अंग हलवत धडधडतो आणि मधेच कार्बोरेटरातून धाडकन जाळ बाहेर येतो. पहिल्यांदा मी वाकून बघत होते. डावी भुवई गेली, डोक्याच्या रुमालाला भोक पडलं. आता आरशात बघितलं की मी सतत कशाचं तरी आश्चर्य करतेय असं दिसतं. नांगर जमिनीत टाकला की म्हातारा मान टाकतो.

फट पुन्हा मोजली. प्लग पुसले. झाकणाला तडा आहे का ते उन्हात धरून बघितलं. एक नंबर ठरवताना बोट नीट धरलं नसेल म्हणून तेही परत केलं. तुझा क्रम चुकणं शक्य नाही, तेव्हा तो सोडून बाकी सगळं तपासलं.

दीर पुन्हा बांधावर यायला लागलाय. येताना लेकाचे निरोपही आणतो. "वहिनी, पोरगा काळजी करतो हो." हो, करतो. मला माहीत नाही का? पण काळजी करणाऱ्यांना नांगर धरता येत नाही, हाच सगळा घोटाळा आहे.

लवकर लिही. अर्धा महिना गेला.

धाकटी

१८ मे

धाकटे,

कार्बोरेटरातून जाळ येत असेल तर तो ट्रॅक्टर अजिबात सुरू करू नकोस. माझी शपथ आहे. कॉइलही गेली असणार. तशी कॉइल आता मिळत नाही, मी चौकशी केली.

माझं ऐकशील? पुरे आता. हरलीस म्हणून काही आभाळ कोसळत नाही. मीही सोडलंच ना? सकाळी चहा, पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीत खुर्ची. पहिले काही दिवस हात शिवशिवतात, मग त्यांनाही सवय होते. तुझा लेक वाईट नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मोडक्या मनगटानं कुणी नांगरतं का?

येताना वाटेत माझ्याकडे दोन दिवस उतर. तेवढंच भेटणं होईल.

दादा

२३ मे

दादा,

मोडकं मनगट.

मी तुला कधी लिहिलं होतं ते? मी टेबलाचा पाय लिहिला होता. त्या दिवशी गरम इंजिनाची ठिणगी बघताना हँडल उलटं आलं. अंगठा चुकीच्या बाजूला होता, तू शिव्या दिल्या असत्यास, म्हणून लपवलं. प्लास्टर कोपरापर्यंत होतं आणि पत्रं मी डाव्या हातानं लिहिली. प्लास्टर इथे सगळ्यांनी बघितलं, पण तुझा पत्ता फक्त लेकाकडे आहे. म्हणजे लेकानं तुला लिहिलं आणि तू मला ते सांगितलं नाहीस.

तुझं पत्र हातात घेऊन मी शेडमधे गेले. म्हटलं, आता इंजिनाला तडा तरी गेलाय का बघू. रॉकेलचा बोळा घेऊन बाजू घासायला लागले. रंगाचे आणि चिकट तेलाचे थर निघाले आणि खालून लोखंडातच ओतलेले आकडे वर आले. एक, तीन, चार, दोन.

तू विसरला असतास तर मी काही बोलले नसते. आपण दोघंही म्हातारे झालो. पण तू विसरला नव्हतास. झोपेतही सांगेन म्हणालास. तू जाणूनबुजून दोन आणि तीनची अदलाबदल करून पाठवलीस, आणि मी तुझा शब्द प्रमाण मानून इतके दिवस स्वतःलाच मूर्ख म्हणत राहिले.

आणि ऐक. ठिणगी भलत्या वेळी पडली की जाळ उलटा कार्बोरेटरातून येतो, हे मला कुणी शिकवलं होतं? मला जपायला निघालास आणि पेट्रोलच्या शेजारी जाळ दिलास. भुवई गेली, डोळा गेला असता तर लेकाला काय लिहिलं असतंस?

दोन वायरी बदलल्या. म्हातारा चारही सिलिंडरवर असा वाजला की दूधवाला टेम्पो थांबवून उतरला आणि पहिल्यांदाच हसला नाही. काल सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालला, गरम झाला, लालबुंद झाला, पण एकदाही बंद पडला नाही. चढावर ओझं आलं की आतून टकटक आवाज येतो, तेवढंच. वाजू दे.

अर्ध्याहून जास्त शेत बाकी आहे. मी एका हातानं स्टिअरिंग धरते आणि दुसरा कोपरानं टेकवते. मी येणार नाही. लेकाकडे नाही, तुझ्याकडे दोन दिवस उतरायलाही नाही. तुम्ही दोघं मिळून जे ठरवायचं ते तुमच्याबद्दल ठरवा.

तुझी बहीण

२८ मे

धाकटे,

माफी मागत नाही. मागितली तर तू ती परत पाठवशील, टपालखर्च वाया.

तुझ्या लेकाचं पत्र आलं तेव्हा कंडेन्सर पाठवून झाला होता. त्यानं लिहिलं होतं, मामा, डॉक्टर म्हणाले दुसऱ्यांदा असा मार बसला तर हात कायमचा जाईल, ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. मी तुला सरळ लिहिलं असतं तर तू माझंही ऐकलं नसतंस. मग तुझं पत्र आलं, क्रम विचारणारं. मला वाटलं, नुसता खोकत राहील, ओढणार नाही, तू कंटाळशील. जाळाचा विचारच केला नाही. एवढी वर्षं याच कामात काढली आणि जाळाचा विचार केला नाही, एवढा मी घाबरलो होतो.

आई गेली, बाबा गेले, मधला गेला. मला दादा म्हणणारं आता कुणी नाही, एक तू सोडून. इथे सगळे मला आजोबा म्हणतात, तेही ओरडून. तुझा हात गेला, तू गेलीस, तर मी कुणाचा कोण? हे खरं कारण आहे. बाकी सगळं तुझ्या लेकाचं.

तू रागात आहेस, राहा. पण ते टकटक वाजणं मनावर घे. टायमिंग पुढे आहे, ठिणगी वेळेच्या आधी पडतेय. असंच ओढलंस तर पिस्टन फुटेल. डिस्ट्रिब्यूटरचा पट्टा सैल करून तो नखभर मागे फिरवावा लागतो. किती ते लिहून सांगता येत नाही. इंजिनावर हात ठेवूनच कळतं. जमलं तर चढावर ओझं कमी घे, नांगर उथळ ठेव.

नाहीतरी तू आता माझं कशाला ऐकशील.

दादा

२ जून

दादा,

चढावर नांगर उथळ ठेवला. तुझं ऐकलं म्हणून नाही, पिस्टन माझा आहे म्हणून.

एकतीस तारखेला सकाळीच लेक टेम्पो घेऊन आला. सोबत दोर, पोती, माझी गादी गुंडाळायला चादरसुद्धा. मी शेतात होते. बांधालगतचा पट्टा राहिला होता. दीर लगबगीनं त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मी जवळून गेले तेव्हा म्हणाला, "वहिनी, महिना संपला की!" मी इंजिनाच्या वर आवाज काढून म्हटलं, "सूर्याला विचारा संपला का ते!"

आणि मग मी काय केलं सांगू? शेवटच्या फेरीला नांगर सासऱ्यांनी पुरलेल्या हद्दीच्या दगडाला घासून नेला. दगड गवतात लपला होता, त्याच्या अलीकडे माझ्या रानातली दोन पावलं जमीन कधीपासून दिराच्या पिकाखाली होती. ती नांगराखाली आली. दीर तोंड उघडून बघत राहिला. लेकानंही बघितलं. आधी दगडाकडे, मग काकाकडे. मग काकाच्या शेजारून निघून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

ऊन असतानाच शेत संपलं. मी खाली उतरले. लेकानं माझं मनगट हातात घेतलं, सुजलेलं बघितलं आणि रडला, एवढा मोठा गडी. म्हणाला, "आई, तू जिंकलीस. पण..." मी म्हटलं, "पण नाही. पैजेत पण नव्हता." मी हात दाखवायला दर आठवड्याला डॉक्टरकडे जाईन एवढं मात्र कबूल केलं. ते त्यानं मागितलं नव्हतं, मी दिलं. टेम्पो रिकामा गेला.

आता तुझं. मी तुला माफ केलेलं नाही. तू मला सांगितलं असतंस की मी घाबरलोय, तर मी चिडले असते, भांडले असते, आणि शेवटी हँडलला पुन्हा हात न लावण्याचा शब्दही दिला असता. खोटं बोललास ते मला सोसत नाही. पण "मी कुणाचा कोण" हे वाचून शेगडीत टाकायला घेतलेलं पत्र मी घडी घालून परत ठेवलं.

दादा, गरम जेवण वाढलं म्हणून माणूस कुणाकडे गहाण पडत नाही. हात शिवशिवायचे थांबले असतील तर ते वाईट झालं. म्हातारा अजून टकटक वाजतो. लिहून सांगता येत नसेल तर इथे ये आणि हात ठेव.

धाकटी

७ जून

धाकटे,

माफी मागायला येत नाही. टायमिंग बघायला येतोय.

मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात एकट्यानं एवढा प्रवास?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा दाखवलं. या बहिरेपणाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला. सूनबाईनं डबा करून दिलाय. तिनं डोळ्यांनीच विचारलं, परत कधी? मी खांदे उडवले.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं उतरतो. स्टँडवर लेकाला पाठवू नकोस, दूधवाल्यालाही नको. तू ये, ट्रॅक्टर घेऊन. आणि मी उतरेपर्यंत इंजिन चालूच ठेव. मी आधी त्याच्यावर हात ठेवणार, मग तुझ्याशी भांडणार.

दादा